एकटीचा प्रवास व बापाची भीति

गेल्या आठवड्यांत आमचे एक व्यापारी स्नेही सायंकाळच्या वेळीं आमच्या कचेरींत आले. सोलापुरांत त्यांचें चादरींचें दुकान आहे. त्यांची मुलगी यंदा वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बाहेर पडली असून, पुण्यांतील एका कारखान्याच्या हिशेबखात्याकडून तीस मुलाखतीचें बोलावणें आलें होतें. लग्नसराईचे दिवस, दुकान सोडून त्यांस निघतां येईना. मुलाची परीक्षा तोंडावर आलेली. तेव्हां "पुण्यास जाणारा कोणी घरोब्याचा गृहस्थ तुमच्या माहितींत आहे काय?" असें त्यांनीं आम्हांस विचारिलें. आम्हीही संवयीनें ओळखीच्या माणसांचीं नांवें आठवूं लागलों. तोंच शेजारच्या खुर्चीवर बसलेली ती मुलगी शांतपणें म्हणाली, "वकीलकाका, मुलाखतीपुरती सोबत मिळेल, पण नोकरी लागली तर रोज माझ्याबरोबर कोण येणार?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. ज्या लेखणीनें स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार आम्हीं पंधरा वर्षें केला, ती धरणारा हातच एका मुलीस गाडींत बसविण्याची वेळ येतांच सोबती शोधूं लागला, हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. इतकेंच नव्हे, तर दोन वर्षांपूर्वीं आमच्या स्वतःच्या कन्येस नागपुरास जावयाचें होतें, तेव्हां तिच्या मामाची रजा मंजूर होईपर्यंत आम्हीं तीस घरीं थांबविलें होतें. तेव्हां आजचा लेख हा परोपदेश नसून, त्या मुलीच्या प्रश्नास उशिरानें दिलेलें उत्तर आहे, असें वाचकांनीं समजावें.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, स्त्रीनें घरच्या पुरुषावांचून दूर जाणें ही गोष्ट महाराष्ट्रास नवीन नाहीं. १८५३ सालच्या एप्रिल महिन्याच्या १६ व्या तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली प्रवासी आगगाडी गेली. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनीं, म्हणजे १८८३ सालच्या ७ एप्रिल रोजीं, आनंदीबाई जोशी यांनीं वैद्यकाच्या अभ्यासासाठीं कलकत्त्याहून अमेरिकेचा रस्ता धरिला. पति मागें हिंदुस्थानांत राहिले होते, आणि बाईंच्या वयास नुकतींच अठरा वर्षें पुरीं झालीं होतीं. निघण्यापूर्वीं, फेब्रुवारीच्या २४ तारखेस, श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहांत उभ्या राहून आपण कां जातों व एकट्याच कां जातों, या आक्षेपांस त्यांनीं सर्वांसमक्ष उत्तरें दिलीं. पुढें १८८६ सालीं त्या एम्. डी. झाल्या. १९१८ सालीं पार्वतीबाई आठवले हिंगण्याच्या आश्रमाच्या कार्यासाठीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां त्यांचें वय पन्नाशीच्या घरांत आलें होतें व इंग्रजीची ओळख जेमतेमच होती. ज्या प्रांतांतील स्त्रिया आगबोटीनें समुद्र ओलांडून गेल्या, त्याच प्रांतांत सोलापूर ते पुणें हें अडीचशें किलोमीटरांहून थोडें अधिक असलेलें अंतर आज मुलीस एकटीनें कापतां येऊं नये, हें आश्चर्य नव्हे काय?

यावर कोणी म्हणेल कीं, आनंदीबाई असामान्य होत्या. आमच्या मुली सामान्य आहेत. आमच्या मतें या उदाहरणांतील खरा बोध असामान्य धैर्याचा नसून सामान्य तयारीचा आहे. आनंदीबाई घरच्या माणसावांचून गेल्या, परंतु डोळे मिटून गेल्या नाहींत. न्यू जर्सी प्रांतांत राहणाऱ्या कार्पेंटरबाईंशीं त्यांचा पत्रव्यवहार पूर्वींच जडला होता. आगबोटीवर ओळखीच्या पाश्चात्य बायकांची संगत त्यांनीं घेतली होती. आणि न्यूयॉर्कास उतरल्यावर न्यावयास कोण येणार, हें त्यांस ठाऊक होतें. जाण्याचा हेतु निश्चित, उतरण्याचें ठिकाण निश्चित, आणि तेथील माणूस निश्चित. धैर्य हें अशा तयारीच्या पायावरच उभें राहतें. तयारीवांचूनचें धैर्य म्हणजे आततायीपणा, आणि धैर्यावांचूनची तयारी म्हणजे बांधून ठेविलेली वळकटी.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. कारण कायद्यानें दिलेला हक्क ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्यापुरता तो हक्क नसल्यासारखाच होय. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदानें देशांत सर्वत्र मुक्तपणें संचार करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालावयाचे तर ते कायद्यानें घालावे लागतात. शेजाऱ्याच्या भुवया वर गेल्यानें तो हक्क संपुष्टांत येत नाहीं. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ५८ व्या कलमान्वयें प्रत्येक प्रवासी गाडींत स्त्रियांसाठीं एक कप्पा किंवा कांहीं आसनें राखून ठेवणें रेल्वेवर बंधनकारक आहे, व त्या राखीव जागेंत जाणूनबुजून शिरणारा पुरुष १६२ व्या कलमाखालीं दंडास पात्र होतो. त्याच कायद्याच्या १३९ व्या कलमांतील तरतूद तर प्रत्येक बापानें घरांत वाचून दाखवावी अशी आहे. पुरुषाची सोबत नसलेल्या स्त्रीपाशीं तिकीट नसलें, तरी वाटेल त्या स्थानकावर तीस उतरवितां येत नाहीं. ती जेथें गाडींत चढली तें स्थानक, जंक्शन, शेवटचें स्थानक किंवा जिल्ह्याचें ठिकाण येथेंच, व तेंही दिवसाउजेडीं, तीस उतरवितां येतें. म्हणजे एकटी स्त्री गाडींत असणार, हें कायद्यानें गृहीत धरिलें आहे. तें गृहीत धरावयास अद्याप तयार नाहीं तें आमचें घर!

फिर्यादीचेंही तसेंच. गुन्हा दौंडाजवळ घडला व मुलगी पुण्यास उतरली, तर "आमची हद्द नव्हे" असें सांगून तीस परत पाठवितां येत नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमांत, गुन्हा कोणत्याही हद्दींत घडलेला असो, त्याची खबर नोंदवून घेण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत केली आहे. त्याच दिवसापासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमान्वयें, स्त्रीनें स्पष्ट नापसंती दाखविल्यावरही वारंवार तिचा पाठलाग करणाऱ्यास पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो.

"परंतु वकीलसाहेब, कलमें पुस्तकांत असतात व गुंड गाडींत असतो," असें आमचे स्नेही म्हणाले. हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. भय खरें आहे, व तें नाहीं असें सांगणारा सुधारक लोकांची फसवणूक करितो. मात्र भयाचें माप नीट घेतलें पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षें हेंच दिसून येतें कीं, बलात्काराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी हा त्या स्त्रीच्या ओळखीचाच इसम असतो. तेव्हां "ओळखीचा माणूस सोबत दिला म्हणजे मुलगी निर्धोक झाली" ही आमची समजूत किती पोकळ आहे, याचा विचार बापांनींच करावा. सोबती शोधतांना त्याच्या चालीरीतीची चौकशी आपण किती करितों? पुण्यास जाणारा व ओळखीचा, एवढ्या दोन गुणांवर आपण त्याच्या हवालीं मुलगी करितों. दुकानाच्या गल्ल्याची किल्ली मात्र एवढ्याशा ओळखीवर कोणी देत नाहीं.

व्यापारी वाचकांस त्यांच्याच धंद्यांतील एक गोष्ट विचारूं. चादरींचे गठ्ठे परगांवीं पाठवितांना प्रत्येक गठ्ठ्याबरोबर आपण मुनीम धाडितां काय? नाहीं. गठ्ठ्यावर खूण घालितां, पावती घेतां, विमा उतरवितां, पेढीस आगाऊ कळवितां, आणि पोंच आली कीं वहींत नोंद करितां. भरंवसा हा माणसावर नसून व्यवस्थेवर असतो. जड मालासाठीं जी व्यवस्था आपण लावितों, ती बोलत्याचालत्या, शिकलेल्या व स्वतःचें बरेंवाईट जाणणाऱ्या मुलीसाठीं कां लावूं नये? गठ्ठ्यास आपला बचाव करितां येत नाहीं, मुलीस येतो. फरक असलाच तर तो तिच्या बाजूचा आहे.

ही व्यवस्था कशी लावावी, तेंही सांगतों. पहिला प्रवास दिवसाचा असावा. उजेडांत निघावें व उजेडांत पोंचावें. आरंभच लांबच्या पल्ल्यानें करूं नये. सोलापूरकर मुलीनें एस्. टी.नें तुळजापुरास किंवा पंढरपुरास एकटीनें जाऊन सायंकाळच्या आंत परत यावें. तिकीट स्वतः काढावें, चौकशी स्वतः करावी, चुकल्यास स्वतःच सुधारावें. १७ मार्च २०२३ पासून एस्. टी.च्या गाड्यांत स्त्रियांस निम्म्या भाड्यांत प्रवास करण्याची सवलत सुरू झाली आहे; तेव्हां हें शिक्षण महागही नाहीं. असे दोनचार प्रवास झाले म्हणजे पुण्याच्या गाडीचें भय अर्धें ओसरतें. आत्मविश्वास हा उपदेशानें येत नाहीं, तो संवयीनें येतो.

सामान इतकेंच घ्यावें कीं, हमालावांचून स्वतः उचलून पुलावर चढतां यावें. पैसे दोन ठिकाणीं ठेवावे. मोबाइलची शक्ति संपते, यास्तव घरचे व उतरण्याच्या ठिकाणचे क्रमांक कागदावर लिहून जवळ बाळगावे. ११२ हा क्रमांक पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका यांसाठीं आहे व १३९ हा रेल्वेच्या मदतीसाठीं. हे दोन तोंडपाठ असावे. डब्याचा व आसनाचा क्रमांक घरीं कळवून ठेवावा. शेजारी त्रास देऊं लागला तर प्रथम मोठ्यानें बोलावें; कारण असल्या माणसाचें सारें बळ आपल्या मौनावर अवलंबून असतें. मग तिकीट तपासनिसास सांगून जागा बदलून घ्यावी. साखळी विनाकारण ओढणें हा गुन्हा आहे. परंतु संकटाच्या वेळीं ती ओढण्यास कचरूं नये. अनोळखी माणसाच्या हातचें खाऊं नये, व आपण कोठें उतरणार, एकट्या आहों कीं कसें, हें त्यास सांगत बसूं नये. रेल्वे संरक्षण दलानें २०२० सालीं 'मेरी सहेली' नांवाचा उपक्रम सुरू केला. एकटीनें दूरचा प्रवास करणाऱ्या स्त्रियांस आरंभीच्याच स्थानकावर भेटून पुढील स्थानकांवरील शिपायांस त्यांची माहिती द्यावी, असा त्याचा हेतु आहे. गणवेशांतील बाई चौकशीस आली तर संकोच न करितां तिच्याशीं बोलावें.

हें झालें मुलीचें. बापाचें कर्तव्य याहून कठीण आहे. त्यानें दर पंधरा मिनिटांनीं दूरध्वनी करूं नये; कुर्डुवाडी, दौंड व पुणें अशीं तीन ठिकाणें ठरवून तेथून खुशाली कळवावयास सांगावें, आणि मध्यें धीर धरावा. दुसरें, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें हें कीं, वाटेंत कांहीं वावगें घडलें व मुलीनें तें घरीं येऊन सांगितलें, तर "म्हणूनच जाऊं नको म्हणत होतों" हे शब्द त्यानें तोंडांतून काढूं नयेत. ज्या घरांत हे शब्द एकदां उच्चारले जातात, त्या घरांतील मुलगी पुढच्या वेळीं कांहींच सांगत नाहीं. मग तिचा प्रवास खरोखरच एकटीचा होतो, आणि गुंडास जें हवें असतें तें आपणच त्याच्या हातीं देतों. मुलीच्या पाठीशीं उभें राहण्यास गाडींत तिच्या शेजारींच बसावें लागतें असें नाहीं.

सरकारासही आमचें सांगणें आहे. नियम कागदावर करून थांबूं नये. अंधारा फलाट, कडी नसलेलें स्वच्छतागृह आणि रात्रीं ओस पडलेली चौकी हीं तिन्ही त्या संचाराच्या हक्कावर पाणी फिरवितात. स्वराज्य मिळालें याचा अर्थ परका अंमल गेला एवढाच नव्हे. आपल्याच देशांतील एका शहरांतून दुसऱ्या शहरांत आपल्या मुलीस कोणाची परवानगी न मागतां व भय न बाळगतां जातां यावें, हाही त्याचा अर्थ आहे. तो अर्धा अर्थ अद्याप मिळवावयाचा आहे, व तो मिळविण्याचें काम दिल्लीइतकेंच आमच्या उंबऱ्यावरचें आहे.

आमच्या स्नेह्यांनीं काय केलें, तें सांगून हा लेख पुरा करितों. त्यांनीं सकाळच्या गाडीचें तिकीट काढिलें, मुलीस डब्यांत बसविलें, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर दुकान उघडलें. त्या दिवशीं आपण दोन गिऱ्हाइकांस चुकीचा भाव सांगितला, असें त्यांनीं स्वतःच आम्हांस कळविलें. मुलगी मुलाखत देऊन दुसऱ्या दिवशीं सुखरूप परतली. निकाल अद्याप लागावयाचा आहे. परंतु काल ते पुन्हां आमच्या कचेरींत आले, तेव्हां त्यांचा प्रश्न बदलला होता. "सोबतीस कोण मिळेल?" असें न विचारतां, "नोकरी मिळाली तर पुण्यांत राहण्यास चांगली जागा कोठें पाहावी?" असें ते विचारीत होते. आम्हीही त्याच सायंकाळीं घरीं जाऊन आमच्या कन्येस विचारिलें कीं, नागपुरास पुन्हां केव्हां जावयाचें आहे. मामाच्या रजेचा विषय या वेळीं कोणींच काढिला नाहीं.