संगणकाची वही आणि उधारीची चाळणी

भामरागडसारख्या ठिकाणी कापडाचा धंदा उधारीवर चालतो, हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगायला नको. पर्लकोटेच्या पुराने इथला रस्ता कितीदा तुटला आहे. म्हणून माल भरणे आणि वसुली दोन्ही मृगाच्या आधी उरकावी लागते. उधार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या 282व्या आयतीत आहे आणि तंगीतल्या कर्जदाराला मोहलत देण्याची ताकीद 280व्या आयतीत. पहिला हुकूम आम्ही आता संगणकावर पाळतो. तगादा करताना मात्र एकदा चुकलो.

आमच्या भाच्याने दुकानाची वही जँगोवर बसवून दिली. जँगो म्हणजे संकेतस्थळे व असे हिशेबाचे कार्यक्रम बांधण्याचा तयार सांगाडा. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तो तयार झाला आणि 2005 साली सर्वांना मोफत खुला झाला. त्यात ‘फिल्टर’ नावाची चाळणी आहे. तिला स्वल्पविराम देऊन अटी सांगितल्या की सगळ्या अटींत बसणारी नावेच हाती येतात.

पहिला घोटाळा आपल्या बोलीचा. आपण म्हणतो, “भामरागड आणि एटापल्लीची गिऱ्हाइके काढ.” संगणक ‘आणि’ शब्दशः घेतो. खात्यावर गाव एकच लिहिलेले, ते दोन्ही कसे असेल? यादी कोरी येते. इथे ‘किंवा’ हवे. त्यासाठी प्रत्येक अट ‘क्यू’ नावाच्या वेष्टनात घालून मध्ये उभी रेघ द्यावी लागते. पुढे ‘आणि बाकी पाचशेच्या वर’ असे जोडायचे तर दोन्ही गावांभोवती कंस हवाच. ‘आणि’ आधी जुळते, ‘किंवा’ मागाहून; कंस नसेल तर ज्यांची बाकी शून्य आहे असे भामरागडकरही थकबाकीदारांत येऊन बसतात.

आमची चूक याहून बारीक होती. एका गिऱ्हाइकाची बिले अनेक असतात. ‘बिल दिवाळीआधीचे’ आणि ‘बिल थकीत’ या दोन अटी एकाच फिल्टरमध्ये घातल्या तर दोन्ही एकाच बिलाला लागू होतात. आमच्याकडे त्या दोन फिल्टरांत, एकामागून एक लिहिल्या होत्या. मग जुने बिल एक आणि थकीत बिल दुसरेच, तरी माणूस यादीत! दिवाळीआधीचे सारे पैसे चुकवून परवाच नवी लुगडी नेलेल्या एका म्हातारबाबांना आम्ही जुन्या बाकीचा तगादा पाठवला. ते पावती घेऊन दुकानात आले, काही न बोलता ती गल्ल्यावर ठेवली. आम्ही माफी मागितली.

उलट खरा थकबाकीदार निसटतो तो रिकाम्या रकान्यातून. ‘शेवटची जमा एप्रिलआधीची’ असे विचारले तर ज्याने आजवर एक पैसाही जमा केला नाही तो येतच नाही, कारण त्याच्या नावापुढे तारीखच नाही. ‘किंवा तारीख रिकामी’ ही अट वेगळी घालावी लागते.

आणि एकाची दोन बिले अटीत बसली की नाव दोनदा येते. त्यावर ‘डिस्टिंक्ट’ हा शब्द आहे. आता आम्ही तगाद्याआधी यादीतली दहा नावे जुन्या लाल वहीशी ताडून घेतो. भाचा हसतो, पण ती वही त्यानेही अजून अडगळीत टाकलेली नाही.