मायलेकराची चित्रं

सकाळची वेळ. माय न्हाणीत बसली आहे. लेकराला पायांवर घेऊन ती अंगाला तेल चोळते. मग कोमट पाण्याने न्हाऊ घालते. हे आपण रोज पाहतो. यात काय पाहायचं, असं आपल्याला वाटतं. पण मोठमोठ्या चित्रकारांनी हेच नीट पाहिलं आणि रंगवलं.

अजिंठ्याची लेणी आपल्या मराठवाड्यातच आहेत. तिथल्या सतरा नंबरच्या लेण्यात मायलेकराचं एक चित्र आहे. ते सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचं. आधी दगडावर मातीचा गिलावा दिला. मातीत गवत नि साळीचा कोंडा कालवला. आपण भिंत लिंपतो, तसंच. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला. मग गेरू, पिवळी माती, काजळी अशा रंगांनी चित्र काढलं.

चित्रात भगवान बुद्ध दारी आले आहेत. हाती भिक्षापात्र आहे. समोर यशोधरा आणि तिचा मुलगा राहुल. सिद्धार्थांनी घर सोडलं, तेव्हा राहुल तान्हा होता. आता तो बापाकडे वारसा मागतो आहे. बुद्ध खूप मोठे काढले आहेत, मायलेकरं लहान. माय लेकराला पुढे करते आहे. कथेत पुढे राहुलही भिक्षू होतो. म्हणजे माय आपलं एकुलतं एक लेकरू देऊन टाकते. हे ठाऊक असलं, की ते चित्र पाहताना गळा दाटून येतो.

आता दूर फ्रान्स देशात जाऊ. १८७४ साली पॅरिस शहरात काही चित्रकारांनी आपलं वेगळं प्रदर्शन भरवलं. तोवर देवदेवता, राजे आणि लढाया यांच्या चित्रांना जास्त मान होता. या मंडळींनी ऊन-सावली आणि रोजचं जगणं रंगवलं. लोकांनी टिंगल केली. त्या टिंगलीतूनच त्यांना 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव पडलं. डोळ्यांना क्षणभर जे दिसलं, मनावर जे उमटलं, ते रंगवणारे, असा त्याचा अर्थ.

त्यांत बर्थ मोरिसो ही बाई होती. तिने १८७२ साली आपल्या बहिणीचं चित्र काढलं होतं. पाळण्यात बाळ झोपलं आहे, वर झिरझिरीत पडदा आहे, आणि आई गालाला हात लावून बाळाकडे बघत बसली आहे. बस, एवढंच. मेरी कसाट ही त्याच मंडळींतली दुसरी बाई, मूळची अमेरिकेची. १८९३ च्या तिच्या चित्रात एक बाई मांडीवरच्या मुलीचे पाय घंगाळात धुते आहे. मेरीला स्वतःचं मूल नव्हतं, पण पाहणारी नजर होती. त्या काळी पॅरिसच्या सरकारी चित्रशाळेत बायांना प्रवेशही नव्हता. तो १८९७ साली मिळाला.

घरात आईच्या कामाची कुणी मोजदाद करत नाही. चित्रकारांनी मात्र ते काम भिंतीवर, कापडावर जपून ठेवलं. अजिंठ्याला गेलात, तर ते चित्र जरूर पाहा. भिंतीला हात मात्र लावू नका. आणि उद्या सकाळी घरातली माय लेकराला न्हाऊ घालील, तेव्हाही घटकाभर थांबून पाहा.