हप्ता शेवटी विचारा

मासेमारीच्या नावेचा विमा म्हटलं की सातपाटी, अलिबाग, रत्नागिरी आठवतात. वर्धा जिल्हा कुणाला आठवत नाही. पण नाचणगाव-पुलगावच्या शिवेजवळून वर्धा नदी वाहते, वर आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा धरणाचा जलाशय आहे, तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्था आहेत आणि या पाण्यात डोंगा घालून जाळं टाकणारी भोई-ढिवरांची घरं आहेत. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा दिला, तेव्हा मिळणाऱ्या सवलतींत वीज आणि कर्जाबरोबर विम्याचंही नाव होतं. तेव्हा हा विषय आता आपल्याही दारात आला आहे. त्याबद्दल माझं म्हणणं एकच आहे. विमा घेताना आपण पहिला प्रश्न हप्त्याचा विचारतो, आणि तो शेवटचा असायला हवा. काय गेलं तर, कशामुळे गेलं तर आणि कोणती अट पाळली असेल तर किती रक्कम हातात येईल, हे आधी ठरवावं. त्यानंतरच हप्ता महाग की स्वस्त हे बोलता येतं.

याचा पुरावा शोधायला समुद्रावर जायची गरज नाही, आपल्या कपाशीच्या वावरात तो आहे. 2023 च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला. शेतकऱ्याच्या वाट्याचा उरलेला हप्ता सरकार भरत होतं. अर्जांचा पूर आला, त्यात बोगस अर्जही निघाले, आणि 2025 च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. खरिपाच्या पिकांना 2 टक्के, रब्बीला 1.5 टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकाला 5 टक्के हा जुना दर परत आला. चर्चा सगळी त्या एका रुपयाची झाली. खरा बदल मात्र दुसरीकडे होता. त्या खरिपात स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान यांसाठी वैयक्तिक भरपाई मागण्याची सोय राज्याने काढून टाकली, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या सरासरी उत्पन्नावर आणून ठेवली. म्हणजे एकट्याच्या वावरातलं नुकसान महसूल मंडळाच्या सरासरीत बुडू शकतं. शेतकऱ्याचं भलं-बुरं हप्त्यापेक्षा याच ओळीने ठरतं.

नावेच्या पॉलिसीत अशा ओळी आणखी जास्त असतात. भारताचा सागरी विमा कायदा 1963 चा आहे आणि तो 1906 च्या ब्रिटिश कायद्यावर बेतलेला आहे. त्याची भाषा समुद्रातल्या जहाजांची असली तरी नदीतल्या नावमालकाने विचारायचे प्रश्न तेच आहेत. पहिला प्रश्न किमतीचा. पॉलिसीत नावेची किंमत आधीच ठरवून लिहिलेली असेल, तर फसवणूक नसताना तीच किंमत दोन्ही पक्षांना बांधील राहते. हप्ता वाचवायला ती कमी लिहून घेणारा मालक स्वतःच्याच भरपाईला कात्री लावतो. समजा, 10 लाखांची नाव 6 लाखांना लिहिली. ती बुडाली तर 6 लाखच मिळणार, बँकेचं कर्ज मात्र पूर्ण फेडावं लागणार. दुसरा प्रश्न नुकसानीच्या प्रकाराचा. नाव पूर्ण गेली तरच पैसे देणारी पॉलिसी स्वस्त पडते. पण नाव रोज काही पूर्ण बुडत नाही; फळी फुटते, पंखा वाकतो, इंजिनात पाणी शिरतं. ही दुरुस्ती भरून हवी असेल तर आंशिक नुकसानही पॉलिसीत हवं, आणि प्रत्येक दाव्यात पहिले किती रुपये आपल्या खिशातून जाणार तो आकडाही आधी कळायला हवा. जाळी आणि इंजिन नावेबरोबर आपोआप धरली जातात असं गृहीत धरू नये. ती वेगळी लिहिली आहेत का, हे पाहावं.

मग येतं काय वगळलं आहे ते. नेहमीची झीज, नेहमीची गळती आणि उंदीर-किड्यांनी केलेलं नुकसान, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, कायदाच विम्याबाहेर ठेवतो. लाकडी नावेच्या मालकाने हे दोनदा वाचावं, कारण कुजलेली फळी निघाल्याने नाव बुडाली असं ठरलं तर दावा अडतो. मुदतीच्या पॉलिसीत नाव पाण्यात घालण्याजोगी नाही हे माहीत असूनही मालकाने ती पाठवली, तर त्या दोषामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी कंपनीवर राहत नाही. म्हणून डागडुजीची बिलं आणि पावसाळ्याआधी काढलेले नावेचे फोटो जपून ठेवणं ही कटकट वाटली तरी तो दाव्याचा पाया आहे. आणखी एक, अपघात झाल्यावर उरलेली नाव वाचवण्याची खटपट करणं हे विमाधारकाचं कर्तव्य आहे, आणि त्यासाठी केलेला वाजवी खर्च भरून देण्याची तरतूद सागरी विम्यात असते. विमा आहे म्हणून नाव सोडून देणारा आपलंच नुकसान करतो.

हप्ता भरण्याबाबत 1938 च्या विमा कायद्याचं कलम 64-व्हीबी सांगतं की हप्ता आगाऊ हाती आल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. एजंटाच्या तोंडी आश्वासनाने संरक्षण सुरू होत नाही, आणि चेक वटला नाही तरी ते सुरू होत नाही. पावती हातात घ्यावी, तीवरची तारीख आणि वेळ पाहावी. कोकणात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, नावा किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या काळापुरती हप्त्यात सूट मिळते का, हे तिथल्या मालकाने विचारायला हरकत नाही. आपल्याकडे गणित उलटं आहे. नदीला पूर येतो तो याच महिन्यांत, धरणाचे दरवाजे उघडतात तेही याच महिन्यांत, आणि खुंट्याला बांधलेला डोंगा वाहून जाण्याची भीतीही तेव्हाच असते. नदीकाठच्या मालकाने पावसाळ्याची सूट मागू नये. उलट बांधून ठेवलेली नावही संरक्षणात आहे, हे लिहून घ्यावं.

आक्षेप येतील. पहिला असा की पूर-वादळात सरकार मदत देतंच. देतं, पण 2022 ते 2026 साठीच्या आपत्ती निवारण निधीच्या केंद्रीय निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या बोटीसाठी 15,000 रुपये आहेत, अंशतः नुकसानीसाठी 6,000, आणि पूर्ण गेलेल्या जाळ्यासाठी 4,000. साध्या डोंग्याला यातून थोडा हात मिळेल, इंजिनाच्या नावेला नाही. दुसरा आक्षेप जास्त कडवट आहे आणि तो खोटाही नाही: कंपन्या अटी दाखवून दावे फेटाळतात. पण अट लिहिली की विषय संपला, असं न्यायालयं मानत नाहीत. मुंबईहून कोलकात्याला निघालेल्या एका जहाजाच्या विम्यात, प्रवास पावसाळ्याआधी सुरू होऊन संपला पाहिजे अशी अट होती. प्रवासाच्या तारखा पाहता ती पाळणं शक्यच नव्हतं आणि कंपनीलाही ते माहीत होतं. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोहोम शिपिंगच्या बाजूने निकाल देताना ही अट पुढे करून दावा नाकारणं मान्य केलं नाही. तरीही तो निकाल यायला जवळपास बारा वर्षं लागली. कर्जात बुडालेलं मच्छीमार कुटुंब एवढं थांबू शकत नाही. म्हणून जी अट आपण पाळू शकत नाही ती सही करण्याआधी काढून घ्यावी. दावा फेटाळलाच तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला शुल्क लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. डोंगा काही हजारांचा, त्याला कसला विमा? एकट्या डोंग्याचा विमा घेणं बहुतेकांना परवडणार नाही, हे मान्य. पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. नदीवर नावेपेक्षा माणसाचा जीव जास्त धोक्यात असतो. सप्टेंबर 2021 मध्ये याच वर्धा नदीत, वरुड तालुक्यातल्या झुंज इथे नाव उलटून 11 जणांचा जीव गेला. ते मासे धरायला निघाले नव्हते, धार्मिक विधीसाठी आलेले लोक होते. मासेमारीसाठी म्हणून विमा उतरवलेल्या नावेत प्रवासी बसवले, तर विम्याचा आधारच डळमळतो, हेही इथे लक्षात घ्यावं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला 2.5 लाख, रुग्णालयाच्या खर्चाला 25,000 रुपये. हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतात, मच्छीमाराला काहीच भरावं लागत नाही. इथे हप्त्याचा प्रश्नच उरत नाही, यादीत नाव असण्याचा उरतो.

म्हणून नाचणगाव-पुलगाव परिसरातल्या मच्छीमार संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे. या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत दोन विषय घ्या. प्रत्येक सभासदाचं नाव गट अपघात विम्यात आहे का, ते वर्ध्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातून तपासून आणा. आणि सभासदांच्या सगळ्या नौकांची किमतीसह एक यादी करून ती दोन-तीन विमा कंपन्यांपुढे एकत्र ठेवा, पुरात बांधलेली नाव धरली आहे का हे आधी विचारा, आणि हप्ता किती हे त्यानंतर.