वाळूजचं पाणी, राजस्थानचे जव

फॉस्टर्स ही ऑस्ट्रेलियाची बिअर, असं जाहिराती सांगत. आपल्याकडे मिळणारी फॉस्टर्स मात्र 1990च्या दशकाच्या अखेरीपासून औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक पट्ट्यातच बनत होती. 2006 मध्ये फॉस्टर्सचा भारतातला धंदा सॅबमिलरने विकत घेतला आणि दहा वर्षांनी सॅबमिलरच बेल्जियमच्या एबी इनबेवच्या पोटात गेली. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गनेही याच शहरात कारखाना काढला. लातूर-नांदेडच्या परमिट रूममध्ये 'बाहेरची काहीतरी काढ' असं सांगून जी बाटली टेबलावर येते, ती पुष्कळदा मराठवाड्याच्याच मातीवरून निघालेली असते. याच्या अगदी उलट गोष्ट बिराची. 2015 मध्ये दिल्लीची ही बिअर बाजारात आली तेव्हा ती बेल्जियममध्ये बनवून इकडे आणली जात होती. नाव देशी, माल आयात.

मग स्थानिक बिअर म्हणायचं तरी कशाला? बाटलीतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पाण्याचा. जव येतात राजस्थान-हरियाणातून. कडवटपणा आणणारे हॉप्स मुख्यतः जर्मनी-अमेरिकेतून. यीस्टचा वाण ज्या-त्या कंपनीचा. मराठवाड्याचं म्हणावं असं उरतं ते पाणी, आणि नेमकी तीच वस्तू इथे सगळ्यांत महाग आहे.

एप्रिल 2016 आठवून पाहा. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मिरजेहून 'जलदूत' रेल्वे सुटली आणि 12 एप्रिलला पहिल्या दहा वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी लातूरला पोहोचलं. औरंगाबादला पाणी देणाऱ्या जायकवाडी धरणाचा जिवंत साठाही तेव्हा संपलेला. बिअर आणि मद्याच्या कारखान्यांना पाणी का द्यायचं, हा प्रश्न थेट मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला आणि न्यायालयाने त्यांच्या पाण्यात मोठी कपात केली. कारखान्यांना लागणारं पाणी एकूण साठ्याच्या मानाने थोडं असतं, हा त्यांचा युक्तिवाद हिशेबाने खोटा नव्हता. पण घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला तो ऐकवायची सोय नव्हती.

आता आवडीचं. देशात खपणाऱ्या बिअरमध्ये बहुतांश 'स्ट्राँग', म्हणजे 5 टक्क्यांच्या पुढची आणि कायद्याने 8 टक्क्यांपर्यंतची. नांदेड-लातूरही त्याला अपवाद वाटत नाहीत. याला लोक 'आपल्याकडची चव' म्हणतात. माझ्या मते हा चवीपेक्षा पैशाचा हिशेब जास्त आहे. करामुळे बाटली महाग, मग तेवढ्याच पैशांत जास्त चढणारी बरी. शिवाय बिअर इतकी गार करून पितात की जिभेला चव कळायला वावच राहत नाही. आयात बिअर इथे रुजत नाही ती याचमुळे: दाम दुप्पट-तिप्पट, आणि चढायला मात्र सौम्य!

खरं स्थानिक पेय कारखान्याबाहेर सापडतं. देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके तेलंगणाला लागून. 1956 पर्यंत नांदेड आणि लातूर दोन्ही हैदराबाद राज्यात होते, आणि सीमेपलीकडची शिंदी-ताडीची सवय राज्याची रेघ बदलल्याने बदलली नाही. शिंदीच्या झाडाला खाच पाडून रात्री मडकं बांधायचं. पहाटेचा रस गोड, ऊन चढेल तसा तो आपोआप आंबत जातो. ना जव, ना हॉप्स, ना शीतपेटी. अल्कोहोलचं प्रमाण बिअरच्याच आसपास. पण हे पेय टिकत नाही. म्हणूनच त्याचा ब्रँड झाला नाही आणि म्हणूनच त्यात भेसळीला वाव मिळाला. झाडं कमी आणि गिऱ्हाईक जास्त झालं की पाण्यात क्लोरल हायड्रेट किंवा झोपेच्या गोळ्या मिसळून 'शिंदी' तयार करतात. ती माणसं मारते. शिंदीचं कौतुक करताना एवढं विसरून चालत नाही.

उत्तरेला किनवट-माहूरच्या जंगलात मोह. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे गळलेली फुलं वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची आणि मग भट्टी लावायची. हे पेय बिअरच्या जातीचं नाही, पण सरकारने त्याच्याशी जे केलं ते सांगितल्यावाचून राहवत नाही. मोहाची फुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध 2021 मध्ये उठले. पुढच्या वर्षी मंत्रिमंडळाने ठरवलं की मोहापासून राज्यात बनणारी दारू 'देशी' न धरता 'विदेशी मद्य' या वर्गात धरायची. किनवटच्या रानातलं फूल प्रतिष्ठित व्हायचं तर त्याला कागदोपत्री परदेशी व्हावं लागलं.

राहिली इथली ज्वारी. तिची बिअर होते का? नायजेरियाने 1988 मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या कारखान्यांनी ज्वारी आणि मक्यावर बिअर काढून दाखवली. सोपं नसतं ते. ज्वारीच्या पिठाळ भागाला शिजायला जवापेक्षा जास्त उष्णता लागते, आणि दाण्याला टरफल नसल्याने गाळताना राबडी तुंबते. आपल्याकडे दुसरी अडचण आहे: लातूर आता सोयाबीनची बाजारपेठ आहे, आणि सोयाबीनची बिअर होत नाही.

तरी ज्वारी आंबवायची विद्या इथे घरोघरी आहे. मार्गशीर्ष अमावस्येला, लातूरच्या येळवशीला, शेतात पांडवांच्या पूजेनंतर भज्जीबरोबर जे पितात ते आंबील म्हणजे ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ. तिचं आंबणं दह्यासारखं, नशा नाही. दक्षिण आफ्रिकेतली उम्कोम्बोथी ही मका-ज्वारीची बिअरही आधी असंच आंबट होते, मग यीस्टने चढते. लातूरच्या आंबिलीला त्या वाटेवर पुढे जायचं झालं तर मोड आणलेली ज्वारी आणि यीस्ट लागेल. ते कुणी करून पाहिलं, तर निदान धान्य तरी इथलं असेल. पाण्याचा प्रश्न तेव्हाही राहणारच.