बालकांमधील दाहक आंत्ररोग व सूक्ष्मजीवाधारित उपचार

दाहक आंत्ररोग हा आतड्यांच्या अस्तराला दीर्घकाळ सूज व व्रण निर्माण करणारा विकार आहे. क्रोहन रोग आणि व्रणीय बृहदांत्रदाह हे त्याचे दोन प्रमुख प्रकार होत. बालकांत जुलाब, शौचावाटे रक्त व पोटदुखी यांबरोबरच वजन आणि उंचीची वाढ खुंटते. त्यामुळे उपचारांत दाह कमी करण्याइतकेच वाढ सुरळीत ठेवण्यालाही महत्त्व असते.

पार्श्वभूमी

आनुवंशिक प्रवृत्ती, प्रतिकारसंस्थेचा अतिरेकी प्रतिसाद आणि आतड्यांतील सूक्ष्मजीवांचे बिघडलेले संतुलन यांचा या रोगाशी संबंध आहे. निरोगी संतुलनही सर्वत्र सारखे नसते. पुण्यातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांच्या सूक्ष्मजीवांत वयानुसार फरक आढळला. भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला जिवाणूंचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

उपचारपद्धती

आहार : सौम्य ते मध्यम क्रोहन रोगात सहा ते आठ आठवडे नेहमीचे अन्न बंद करून केवळ संपूर्ण पोषण देणारे द्रव दिले जाते. याने सुमारे ८० टक्के बालकांत रोग शमतो, शिवाय स्टिरॉइडचे वाढीवरील दुष्परिणाम टळतात. या काळात जिवाणूंची विविधता वाढण्याऐवजी अनेकदा घटते. म्हणजे केवळ ‘अधिक जिवाणू’ हे उद्दिष्ट नसते. व्रणीय बृहदांत्रदाहात हा आहार असा परिणामकारक ठरलेला नाही.

प्रोबायोटिक : काही विशिष्ट मिश्रणांचा उपयोग सौम्य व्रणीय बृहदांत्रदाहात पूरक म्हणून होतो. क्रोहन रोगात त्यांचा लाभ सिद्ध झालेला नाही. दही हा आहार आहे, औषधाचा पर्याय नव्हे.

विष्ठा-सूक्ष्मजीव प्रत्यारोपण : निरोगी दात्याच्या विष्ठेतील सूक्ष्मजीव रुग्णाच्या आतड्यात सोडले जातात. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसाइल या जिवाणूच्या वारंवार होणाऱ्या संसर्गात ही पद्धत प्रभावी आहे. बालकांच्या दाहक आंत्ररोगात मात्र ती संशोधनाच्या टप्प्यावर आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याकडून आलेल्या औषधरोधक जिवाणूमुळे एका प्रौढ रुग्णाचा मृत्यू झाला; तेव्हापासून दात्यांच्या तपासणीचे निकष अधिक कडक झाले.

निदानातील अडचण

भारतात आतड्यांचा क्षयरोग क्रोहन रोगासारखाच दिसतो. क्षयरोग असताना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिल्यास तो पसरू शकतो. म्हणून कोणताही उपचार सुरू करण्यापूर्वी एंडोस्कोपी व ऊतिपरीक्षण करून रोगाची खात्री करणे आवश्यक असते.