गेमचं घर कुठं?

कॉम्प्युटरवर घातलेला गेम कुठल्या फोल्डरमध्ये आहे, हे प्रोग्रामला कसं बरं कळतं? संगमेश्वरात एखाद्या मुलाचं घर हुडकायला वाडी न् वाडी पालथी घालायची, की शाळेचं रजिस्टर उघडायचं? 'स्टीम'वरच्या गेमचं असं रजिस्टर असतंच! 'लायब्ररीफोल्डर्स.व्हीडीएफ' ही फाईल सांगते, गेम कोणकोणत्या ड्राइव्हवर आहेत. तिथं 'स्टीमअ‍ॅप्स'मध्ये प्रत्येक गेमची 'अ‍ॅपमॅनिफेस्ट' फाईल असते. तीत 'इन्स्टॉलडिर'पुढे फोल्डरचं नाव लिहिलेलं असतं. तो फोल्डर 'कॉमन'मध्ये सापडतो. पण जागा हवी म्हणून तो हातानं पुसू नका हं! रजिस्टरात नाव राहतं न् घर रिकामं. म्हणून शहाणा प्रोग्राम पत्ता मिळाल्यावरही फोल्डर खरोखर आहे ना, ते आधी पाहतो.