बाँड म्हणजे रजिस्ट्री नव्हे

परभणीहून पूर्णा नाहीतर नांदेडला रोज अपडाऊन करणाऱ्याला घर हवं असतं ते स्टेशनाला किंवा रस्त्याला धरून, आणि पगारात बसेल असं. शहरातले भाव ऐकले की तो वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड पालथे घालतो. तिथं शेतात चुन्याच्या रेघा मारून प्लॉटिंग पडलेली असते. एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. आणि मग ते वाक्य कानावर येतं, जे ऐकून ऐकून मी वैतागलो आहे: "बाँड करून देऊ ना, नोटरीसकट. काम पक्कं!"

काम पक्कं नाही. बाँड म्हणजे मुद्रांकाचा कागद, सरकारला भरलेला कर. ऑक्टोबर २०२४पासून बहुतेक कामांना शंभराऐवजी पाचशेचा कागद लागतो, पण पाचशेच्या कागदानेही जमीन नावावर होत नाही. नोटरी पाहतो ते सही कोणी केली एवढंच. विकणारा त्या जमिनीचा मालक आहे का, हे तपासणं त्याचं कामच नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याचं कलम ५४ सांगतं की शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीची जमीन किंवा घर विकायचं तर नोंदणीकृत दस्तच लागतो, आणि नुसत्या विक्रीच्या कराराने, आपल्या भाषेत इसारपावतीने, त्या मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. मुखत्यारपत्र घेऊन व्यवहार उरकणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी, सूरज लॅम्प खटल्यात, तेच पुन्हा बजावलं.

"पण ताबा माझाच आहे," असं म्हणणारे भेटतात. करारावर मिळालेल्या ताब्याला कायद्याचं जे संरक्षण होतं, त्यासाठीही २००१पासून तो करार नोंदणीकृत असावा लागतो.

खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो कोणी विचारत नाही: हा माणूस रजिस्ट्री का करून देत नाही? बहुतेक वेळा कारण एवढंच, की लेआऊट मंजूर नाही, जमीन एन.ए. (अकृषिक) नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७चा. त्याखाली ऑगस्ट २०२३मध्ये जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे किमान क्षेत्र ठरलं. शेतातल्या एका गुंठ्याची रजिस्ट्री अडते ती इथं. दुसरं कारण जास्त घातक आहे, आणि मराठवाड्यात ते नेहमी तपासायला हवं. जमीन भोगवटादार वर्ग दोनची, इनामाची, देवस्थानाची किंवा वक्फची असू शकते. सातबारावरच्या 'वर्ग २' या दोन शब्दांकडे डोळेझाक करू नका. तिथं सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झालेली विक्री अडचणीत येते. शंका आली तर तहसीलमधून निजामकाळापासूनची जुनी नोंद काढा. खासरा पत्रक आणि पहाणीपत्रक यांतून जमिनीचा मूळ प्रकार कळतो.

हल्ली या समजांत आणखी एकाची भर पडली आहे: "आता सरकारनं सगळं माफ केलंय." नोव्हेंबर २०२५च्या अध्यादेशाने नागरी आणि रहिवासी क्षेत्रांतले १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे व्यवहार अधिमूल्य न घेता नियमित करण्याची वाट मोकळी केली, हे खरं. पण ज्यांचा व्यवहार नोटरीवरच थांबला आहे, त्यांना मुद्रांक शुल्क भरून नोंदणी करावीच लागते. त्या तारखेनंतर बाँडवर घेतलेला प्लॉट यात येत नाही. आणि जमीन मुळात विकणाऱ्याची नसेल, तर कोणताही अध्यादेश ती तुमची करत नाही.

गुंठेवारी नियमित होण्याचंही तसंच. "पुढं होऊन जाईल" म्हणतात, पण २०२१च्या दुरुस्तीने दिलेली मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या बांधकामांची आणि प्लॉटांची आहे.

बाकीचे समज थोडक्यात. सातबारावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं नाही. फेरफार महसुलासाठी असतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितलं आहे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि घरपट्टीची पावती ही कराची कागदं, मालकीची नव्हेत. महारेरा फक्त फ्लॅटसाठी नाही. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर तिथंही नोंदणी लागते. बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्क माफ होतं, हेही खोटं. सवलत एक टक्क्याची आहे. काळ्या मातीत घराला तडे जातातच, असंही नाही. ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून पाया तिला साजेसा घ्यावा लागतो. तो खर्च प्लॉटच्या भावातच धरा.

रजिस्ट्री झाली तरी दुय्यम निबंधक मालकीची हमी देत नाही. म्हणून इसार देण्याआधी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या, गट नंबरवरून सूची दोन काढा, मोजणी करून घ्या.

आणि आधीच बाँडवर प्लॉट घेऊन बसला असाल आणि त्याची नोंदणी होऊ शकत असेल, तर विकणारा हयात आहे तोवर त्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन जा. तो गेला, की त्याच्या मुलांच्या, मुलींच्या आणि बायकोच्या सह्या लागतात.